सहा ते सहा चाळीस

त्या संध्याकाळी माझ्या स्कूटरमध्ये दोन टक्के जीव उरला होता आणि माझ्यात त्याहून कमी.

महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून येलहंकाला येईपर्यंत मी तीन चार्जिंग पॉइंट पालथे घातले होते. एक बंद, दुसऱ्यावर टॅक्सी, आणि तिसरा एका हॉटेलच्या आवारात, जिथल्या वॉचमनने मला फाटकातूनच परत पाठवलं. शेवटी कॉलनीच्या कमानीतून मी शिरले ती स्कूटर जवळजवळ पायाने ढकलतच. नोव्हेंबरचे दिवस. बंगळुरूत तेव्हा पाऊस पडतो असंही म्हणता येत नाही आणि पडत नाही असंही नाही... नुसतं पाणी हवेत लटकलेलं असतं.

आमच्या कॉलनीत सव्वीस घरं, अकरा विजेवरच्या गाड्या आणि चार्जर एकच. पार्कच्या कोपऱ्यावर, भिंतीला लावलेली एक करडी पेटी. झाकणाखाली तीन पिनांचं सॉकेट आणि वर दिवा. मोकळा असेल तर हिरवा, चालू असेल तर निळा. मी पोचले तेव्हा दिवा हिरवा होता. मी मनातल्या मनात नवस फेडून टाकला, वाकून डिकीतून वायर काढली, आणि पेटीत टक् असा आवाज झाला. बघते तर दिवा निळा.

सॉकेट रिकामं होतं. आसपास एकही गाडी नव्हती.

"आत्ता नको," कुणीतरी म्हणालं.

मी जवळजवळ किंचाळलेच. पेटीच्या पलीकडे, फणसाच्या झाडाखाली दगडी कट्टा आहे. तिथे एक मुलगा बसला होता. सावळा, उंच, कानावर थोडे जास्तच वाढलेले केस. बाजूच्या अंधूक उजेडात त्याचे डोळे तेवढे स्पष्ट दिसत होते.

"सहा चाळीसला लावा," तो म्हणाला. "तवर थांबा स्वल्प."

"का? तुमची गाडी कुठंय?"

"माझी नाही ओ."

"मग कुणाची?"

तो त्या रिकाम्या सॉकेटकडे बघत राहिला. "ज्यांची वेळ आहे, त्यांची."

"आणि चाळीस मिनिटं मी काय करू?"

"बसा की," तो सरकला. "कट्टा मोठा आहे. मी काय एवढा मोठा नाही."

मी बसले नाही. पण गेलेही नाही. बरोबर सहा चाळीसला पेटी पुन्हा टक् वाजली, दिवा हिरवा झाला. मी प्लग लावून वळले तर कट्टा रिकामा. पावलांचा आवाज नाही, काही नाही. फणसाच्या पानांवरून थेंब पडत होते तेवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीचे सेक्रेटरी जयतीर्थ मला जिन्यातच गाठायला आले. मूळचे धारवाडचे, बोलणं गोड, पण नियम म्हणजे नियम. मी चार्जरजवळच्याच कल्पनाकाकूंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते.

"नोडम्मा, हे बघ केतकी, इथं टोकन असतं. तुला कुणी सांगितलं नाही का?"

टोकन म्हणजे वेताचं एक मोठं कडं, त्याला कातडी पिशवी आणि पिशवीत पितळी गोळा. कल्पनाकाकूंचे यजमान दामोदरकाका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. पूर्वी एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जायच्या, तेव्हा ज्या ड्रायव्हरच्या हातात टोकन त्याचीच गाडी पुढे. दुसऱ्याने थांबायचं. कॉलनीत चार्जर आला आणि पहिल्याच आठवड्यात भांडणं झाली, तेव्हा काकांनी हुबेहूब तसं कडं बनवून घेतलं. ज्याच्या फाटकावर टोकन, त्याचा नंबर. आपलं झालं की आपण जाऊन पुढच्याच्या फाटकावर अडकवायचं. फोनवरचं अ‍ॅप काहीही म्हणो.

"आणि सहा ते सहा चाळीस टोकन दामोदररायांच्या फाटकावर," जयतीर्थ म्हणाले. "त्या वेळात कुणी लावायचं नाही."

"मग ते लावतात कधी? मला तर काका अजून दिसलेच नाहीत."

"ते जाऊन चौदा महिने झाले, अम्मा."

मी जिन्याचा कठडा धरला.

"पण पॉइंट रोज सहाला त्यांच्या नावावर चालू होतो," ते अगदी पाणी कधी येतं ते सांगावं तशा सुरात म्हणाले. "सगळ्यांच्या फोनवर दिसतं. 'दामोदर, चार्जिंग सुरू.' मी कंपनीला फोन करणार होतो. मग मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, असू दे. त्या वेळी आम्ही त्या कोपऱ्यावरून फिरायलासुद्धा जात नाही."

"पण काल तिथे एक मुलगा बसला होता—"

"तिथं कुणी नसतं," जयतीर्थ म्हणाले आणि घाईने जिना उतरले.

आता खरं तर शहाण्या मुलीने दुसरं घर शोधलं असतं. मी त्याच संध्याकाळी साडेसहालाच खाली उतरले. माझं कारण चोख होतं, काकूंनंतरचा नंबर माझा! ते कारण त्या आठवड्यात हळूहळू मागे सरकत गेलं. साडेसहा, सव्वासहा, सहा वाजून पाच... शुक्रवारी मी सहाच्या ठोक्याला कट्ट्यावर होते.

त्याचं नाव संग्राम. निपाणीचा. एवढं सांगायला त्याने तीन दिवस लावले.

"कुठे राहता?"

"यशवंतपूरकडं."

"मग इथे रोज कशाला येता?"

"तुमच्या स्कूटरला सोबत."

"माझी स्कूटर सहा चाळीसला येते. तुम्ही सहाला."

"मग तुमची वाट बघायला लागती की नाही?" तो म्हणायचा आणि हसायचा, पण हसताना नजर मात्र त्या निळ्या दिव्यावर. मला त्या दिव्याचा राग यायला लागला होता. माणसाने दिव्याचा मत्सर करायचा म्हणजे कमालच.

माझी वायर मी कशीही गुंडाळते. तो ती रोज सोडवायचा, प्लगच्या पिना रुमालाने पुसायचा, आणि एक वेढा आतून, एक बाहेरून असा सुंदर गुंडाळून माझ्या हातात द्यायचा. "वायरला पीळ पडू द्यायचा नाही, तुटती ती," एवढंच बोलायचा. देताना बोटं लागायची नाहीत. मुद्दाम लावायचा नाही हे मला कळायचं, आणि ते कळल्यामुळेच वायर हातात घ्यायला मी उगाच जास्त वेळ लावायचे.

आणि तो विचित्र चहा. सहाला काकू फाटकावर यायच्या, टोकन अडकवायच्या, दोन कप आणायच्या. एक स्वतः उभ्या उभ्या घ्यायच्या, दुसरा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून आत जायच्या. काका असताना दुपारी येलहंका जंक्शनवर गाड्या बघायला जायचे, सहाला परत येऊन आपली छोटी गाडी लावायचे, आणि गाडी चार्ज होईपर्यंत दोघं तिथे चहा घ्यायचे. रविवार सोडून रोज. रविवारी काका घरीच. हे सगळं काकूंनीच मला सांगितलं, अगदी हसतमुखाने.

सहा चाळीसनंतर मी तो कप बघायचे तेव्हा तो रिकामा असायचा.

"चहा आवडतो वाटतं?" मी संग्रामला एकदा म्हटलं.

"तो माझा नाही," तो म्हणाला. ह्या वेळी तो हसला नाही.

मी काकूंना विचारलं, आडून आडून. "काकू, चार्जरपाशी एक मुलगा बसतो, तो कोण?"

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी काडी मोडली, पान वेगळं केलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "तिथे हे असतात गं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळं जुळत होतं ना! तो फक्त चाळीस मिनिटं दिसतो. त्या कोपऱ्याबाहेर येत नाही. चला, स्टेशनजवळ डोसा खाऊ म्हटलं तर "आत्ता नको." माझ्याशिवाय त्याला कुणी बघितलेलं नाही. आणि मी मूर्ख बाई, अशा माणसासाठी केस मोकळे सोडून खाली जाते.

दुसऱ्या दिवशी मी सरळच गेले आणि म्हटलं, "हात द्या बघू."

"काय झालं?"

"द्या म्हणते ना."

त्याने हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला. गार होता... बर्फासारखा.

"थंडी आहे ओ," तो हळूच म्हणाला. "तुमचे काय गरम आहेत होय?"

माझेही गारच होते. मग हात सोडायला हवा हे दोघांनाही सुचलं नाही. बोटांच्या टोकाशी त्याची नाडी लागत होती. चांगली घाईघाईत चाललेली. भुताला एवढी घाई नसावी.

दर रविवारी मात्र मी खाली जात नसे. रविवारी स्कूटर काढतच नाही, मग चार्जिंगचं निमित्त कुठून आणणार? आणि निमित्ताशिवाय जाणं म्हणजे सगळंच उघड. इतकंही सोपं दाखवायचं नसतं. मी वरच्या खिडकीतून बघायचे. कट्टा तिथून दिसत नाही, फक्त निळा दिवा दिसतो. धुक्यात तो दिवा लागलेला दिसला की वाटायचं, बसलाय तिथे. बसू दे!

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, त्याने स्वतःच सांगितलं. आधी त्याने खिशातून चार्जरला टेकवायचं एक कार्ड काढून कट्ट्यावर ठेवलं. कडा झिजलेल्या, मागे निळ्या पेनाने लिहिलेलं नाव. दामोदर.

"मी ह्या चार्जरचा मेकॅनिक आहे," तो म्हणाला. "काका वारल्यावर काकूंनी हे कार्ड बंद करायला माझ्याकडं दिलं. बंद करायच्या आधी एकदा लावून बघायचं असतंय. लावलं. सहा वाजले होते. पॉइंट चालू झाला, आणि काकूंच्या फोनवर मेसेज गेला, रोज काका आल्यावर जायचा तसा. काकू अनवाणी पळत फाटकात आल्या... 'आलात?' म्हणाल्या."

मी कार्ड उचलून मागचं नाव पुन्हा वाचलं.

"मी फणसामागं लपलो. दुसरं काय करणार? त्या अर्धा तास तिथं उभ्या होत्या. रडत नव्हत्या, बोलत होत्या. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल, फोडणीच्या मिरचीबद्दल... मला कार्ड बंद करणं जमलं नाही, केतकी. तेव्हापासून येतो. सोमवार ते शनिवार. सहाला लावतो, चाळीसला बंद करतो. कट्ट्यावरूनच हात मागं नेला की पेटीला कार्ड टेकतंय, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मध्ये कुणी प्लग लावू नये म्हणून बसतो."

"एका म्हाताऱ्या बाईला तुम्ही वर्षभर फसवताय?" माझा आवाज चढला. "आणि वर माझ्याशी हसता-बोलता?"

"तीस तारखेपासून जुनी कार्डं बंद होणार. आता संपतंयच ते." त्याने मान खाली घातली. "पण तेवढंच नाही. मला तुमच्याबरोबर उजेडात चालायचंय. डोसा खायला जायचंय. त्या फाटकातून आत येऊन काकूंसमोर तुमच्याबद्दल बोलायचंय. आणि तसं यायचं तर मी कोण ते सांगायला लागतंय. सांगितलं, तर त्यांचे काका दुसऱ्यांदा जातील. माझ्या तोंडून."

मी उठले आणि निघून आले. स्कूटर तशीच राहिली.

दोन दिवस मी खाली गेले नाही. बसने ऑफिसला गेले, बसने आले, आणि सहाला खोलीत बसून ऐकत राहिले. खिडकी बंद असूनही तो टक् ऐकू यायचा. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी मनात आलं, कुणा परक्या बाईच्या अर्ध्या तासासाठी हा मुलगा एक वर्ष पावसाथंडीत झाडामागे बसला... आणि आपण त्याला फसवणारा म्हणालो. माझं त्याच्यावर प्रेम होतं. भूत समजत होते तेव्हाही होतं, हेच जास्त भीतीदायक होतं.

शनिवारी मी गेले. तो होता.

"उद्या तीस तारीख," मी म्हटलं. "उद्या आपण दोघं सांगू. मी तुझ्या शेजारी बसेन."

'तुझ्या' म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं. त्याने माझी वायर उगाचच पुन्हा गुंडाळली.

रविवारी पावणेसहाला संग्राम पहिल्यांदा त्या फाटकातून आत आला. धुकं इतकं उतरलं होतं की कमानीवरची अक्षरं दिसत नव्हती. पोर्चमध्ये काकांची छोटी गाडी कापडाखाली झाकलेली होती. तिची बॅटरी कधीच काढून टाकलेली होती. तिच्याजवळून जाताना संग्रामने चपला काढून ठेवल्या, देवळात शिरावं तसा.

काकू स्वयंपाकघरात होत्या. गॅसवर चहा उकळत होता आणि ओट्यावर चार कप मांडलेले होते.

"या," काकू म्हणाल्या. "बसा दोघं."

मी कप मोजले. पुन्हा मोजले.

संग्रामने टेबलावर कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं. अडखळत, खाली बघत, काही न लपवता. फणसामागे लपलो तेसुद्धा. "चुकलं माझं, काकू. तुम्हाला आशा लावली मी. ते काका नव्हते. मी होतो." मी टेबलाखालून त्याचा हात धरला होता. तो गार पडला होता.

काकूंनी चहा गाळला. गाळणं आपटून रिकामं केलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"अरे, तू आहेस हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "फणसाच्या खोडाला निळा शर्ट नसतो. तुझ्यासाठीच तर चहा ठेवत होते भिंतीवर. म्हटलं, मुलगा लाजतोय, घेईल हळूहळू."

संग्रामने मान वर केली. "पण... मी कधीच नाही घेतला, काकू. एकदाही नाही."

"माहीत आहे."

"मग कप रिकामा—" मी म्हणाले आणि थांबले.

"तेच तर तुला सांगितलं होतं ना, मेथी निवडताना."

घड्याळात सहा वाजले.

बाहेर पेटीत टक् असा आवाज झाला. काकूंचा फोन टेबलावर थरथरला आणि सरकत सरकत कार्डाला जाऊन टेकला. स्क्रीनवर ओळ उमटली, 'दामोदर, चार्जिंग सुरू.' आम्ही तिघंही टेबलाशी होतो. कार्ड आमच्या डोळ्यांसमोर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर धुक्यातून निळा उजेड पसरला.

संग्रामने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. मला तो रविवारचा, खिडकीतून बघितलेला दिवा आठवत होता. एक, दोन, तीन रविवार.

"तू सोमवार ते शनिवार यायचास," काकू त्याला म्हणाल्या, अगदी मायेने. "रविवारी तू नसायचास. हे असताना रविवारी कधी गाडी बाहेर काढली नाही ह्यांनी. तू बसलेला असलास की ते चहा तेवढा घेऊन लांबूनच बघून जात असतील. स्वभावच तसा, कुणाला उठवायचं नाही. मग त्यांनी रविवार घेतला."

त्यांनी एक कप उचलला, बाहेर गेल्या आणि भिंतीवर ठेवून आल्या. मग आम्ही चहा प्यायलो. चाळीस मिनिटं. काकू काकांबद्दल बोलत होत्या, आणि मधून मधून थांबत होत्या, कुणी मध्ये काही बोललं तर थांबावं तशा. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण टेबलाखालचा हात आता गरम झाला होता.

सहा चाळीसला टक् झालं. काचेवरचा निळा रंग विझला आणि हिरवा आला.

काकू उठल्या. फाटकावरचं टोकन काढून आणलं आणि वेताचं ते कडं आमच्या दोघांच्या मध्ये धरलं. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने. पिशवीतला पितळी गोळा जड होता.

"उद्यापासून मेसेज नाही आला तरी चालेल," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "त्यांना मी कालच सांगितलंय. पोरांना कोपऱ्यात लपून बसायला लावू नका, म्हटलं. आमची गाडी पुढे गेली रे. लाइन क्लिअर आहे. जा आता, डोसा खाऊन या."

आम्ही बाहेर पडलो, टोकन दोघांच्या मध्ये धरून. फाटकाशी संग्राम थांबला. "केतकी," तो म्हणाला, "मला तू... म्हणजे मला तुझ्याशिवाय आता—"

"मलाही," मी म्हटलं. "पूर्ण वाक्य डोशानंतर."

तो हसला आणि ह्या वेळी त्याची नजर दिव्यावर नव्हती. भिंतीजवळून जाताना मी कपाकडे मुद्दाम बघितलं नाही. पण संग्रामने बघितलं, आणि वाकून नमस्कार केला.